साडूंची सोनेरी तलवार

आमच्या तळोद्याच्या साडूंना फसवील असा माणूस अजून जन्मायचा आहे. मिरची खरेदी करताना हे गृहस्थ पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात. वर लालभडक आणि तळाला पांढरी पडलेली फटकी, असला माल त्यांच्यापुढे टिकत नाही. "आधी तळ दखाड, मंग भाव बोल," हे त्यांचं वाक्य ऐकून शेतकरी सोडाच, लग्नात जिलबी वाढणारेही बिचकतात. टरबूजवाल्याला ते तीन टरबुजं कापायला लावतात आणि चौथं घेतात.

असा हा माणूस दीड वर्ष मोबाईलवर बंद पेट्या विकत घेत होता! कारण त्यांची लेक. लग्न होऊन सुरतेला जाताना ती बापाच्या फोनात लढाईचा एक खेळ टाकून गेली. रोज संध्याकाळी बापलेक एका टोळीत. पण लेकीची पायरी चढत गेली, आणि तिच्या टोळीत राहायचं तर सोनेरी तलवार हवी. तलवार पेटीत. कुठल्या पेटीत, ते बनवणाऱ्याच्या बापालाच ठाऊक! पैसे आधी मोजायचे, आणि निघायचं काय, तर मोजडी नाहीतर नाचणारं कोंबडं. अहो, जत्रेतला चक्रीवाला इतका निगरगट्ट नसतो. पोलीस दिसला की तो पळतो तरी.

साडूंनी कंपनीला खडसावून लिहिलं, "पेटी उघडून दाखवा, मग भाव करू." कंपनीने आभार मानून एक पेटी फुकट धाडली. तीत हिरवं पागोटं निघालं.

"कंपनी इमानदार शे, साडूभाऊ!"

मी कपाळावर हात मारला.

पुढे लेक खेळात दिसेनाशी झाली. साडूंना वाटलं, आपण मागे पडलो, पोर वरच्या टोळीत गेली. मग त्यांनी पेट्यांचा सपाटाच लावला. परवा एकदाची तलवार निघाली. त्यांनी माझ्यासमोरच लेकीला फोन लावला.

"आबा, तो खेळ तं मी दिवाळीलेच काढी टाका," ती हसली. "तुम्ही नुसता फोन करत जा ना."

साडूंनी फोन खाली ठेवला. माझ्या जिभेवर चांगला झणझणीत टोमणा आला होता.

"फोनवर काय बोलू मी तिन्हासंगे?" ते हळूच म्हणाले. "खेळमा बोलनं पडे नही."

टोमणा मी गिळला. माझी लेक नाशकात असते. तिचा फोन आला की मी "जेवलीस का?" एवढं विचारतो आणि फोन तिच्या आईकडे देतो.