चौदा नंबरची रील

हे मी आजवर कोनाले सांगितलं नाई. बायकोले नाई, पोराले नाई. तुम्ही माह्यापाशी बसले म्हनून सांगून राहिलो — पन आधी हे ऐका, की पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत माह्यासारखा ऑपरेटर नोहता. टाकीजच्या मशीनवर वीस वर्षं उभा रायलो. पडदा कधी पांढरा पडू देला नाई. गर्व आहे मले त्याचा. अजून आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. सौसरच्या आमच्या टाकीजमधे एक सस्पेन्सचं पिक्चर लागलं होतं. डॉक्टरच्या घरी खून होते. नाव येते त्याच्या जुन्या कंपाउंडरवर. खुनी असते डॉक्टरचा सख्खा भाऊ — डॉक्टरले ठाऊक असते, अन् तो गप रायते. लोधीखेडा, रामाकोन्याहून लोक पाहाले येत. पानठेल्यावर मी मोठ्यानं म्हनो, आपल्या भरवशाच्या मानसाले फासावर जाऊ देते तो डॉक्टर कायचा, गांडूळ होय. लोक माहं ऐकत. कोन नाई ऐकनार?

माह्यासंग नामदेवभाऊ होता, बोरगावचा, माह्याहून दहा वर्षांनी मोठा. दाखवलेली रील परत गुंडाळून तिच्या नंबराच्या डब्यात भरायचं काम त्याचं. मानूस चोख. सकाळी त्याच्या मोहल्ल्यातले लोक जमत, अन् हा त्यायले पेपर वाचून दाखवे. तीच त्याची इज्जत होती.

मी डब्याचे नंबर पाहत नसो. हातानं ओळखतो म्हनो — कोनता चेपलेला, कोनाचं झाकन ढिलं. मंग काय झालं? दुपारच्या खेळाले नववी रील संपत आली, अन् मी मशीनच्या खोलीच्या भोकातून हॉल पाहून राहिलो होतो. लोकायचा श्वास अडकला होता, अन् मले वाटे तो मीच अडकवला. तसाच हात टाकला. दहावीच्या जागी चौदावी लागली. पडद्यावर सख्खा भाऊ विषाची बाटली धुवून राहिला. झालं, सस्पेन्स गेला चुलीत. खुर्च्या आपटल्या, शिव्या सुरू.

मशीन बंद केली. नामदेवभाऊ चहा आनाले खाली गेला होता. मालकाचे पाय जिन्यावर वाजून राहिले होते. तेवढ्यात — कसं सांगू? — मी दहाच्या डब्यातली रील काढली अन् चौदाच्या रिकाम्या डब्यात घातली. म्हंजे चूक डबे भरनाऱ्याचीच दिसली पाहिजे.

मालकानं दोन्ही डबे पायले. मागून नामदेवभाऊ आला, हातात चहा. "म्या बरोबर भरलं होतं, मालक," एवढंच म्हनला.

मालकानं मले विचारलं, "याले आकडे तरी समजतात का रे?"

"नाई समजत," मी म्हनलो.

नामदेवभाऊनं माह्याकडे पायलं. सारं समजला तो. चहा खाली ठेवला अन् उतरून गेला. काम तर गेलंच. वरून मोहल्ल्यातले लोक हसत — पेपर वाचते म्हने, अन् चौदा वाचता येत नाई. त्यानं पेपर वाचनं सोडलं. हे मले लोकायनंच सांगितलं, अन् त्यायच्यासंग मीही हसलो. हो, हसलो.

पिक्चर अजून आठवडाभर चाललं. शेवटच्या रीलमधे डॉक्टर कोर्टात उभा रायते अन् भावाचं नाव सांगते. लोक टाळ्या वाजवत. ती रील मीच लावो, रोज तीन खेपा. एकदाही चुकलो नाई.

मी काम सोडलं तवा मालकानं माहा सत्कार केला. म्हनले, याच्या मशीनवर एकदाच रील चुकली, तेही त्या नामदेवच्या हातानं. मी शाल घेतली. मान ताठ होती माही. नामदेवभाऊ तवा जिता होता, अन् बोरगाव सायकलनं जाण्याएवढंच दूर होतं.

मी गेलो नाई.