भिंगाला लावलेलं कुंकू

माघी गणेशोत्सव, पहिली संध्याकाळ. ठिकाण : संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावचं पटांगण. हजर : मी, एक हवालदार, दोन पंच, मंडळाचा अध्यक्ष आणि लेझर मशीनचा ओठ फुटलेला ऑपरेटर. नोकरीच्या शेवटच्या वर्षातला तो पंचनामा आठवला की अजून सुन्न व्हायला होतं.

खबर फोनवर आली होती. "साहेब, परक्या माणसानं आमच्या मानकऱ्याच्या डोळ्यात लेझर मारला. पोरांनी धरून ठेवलाय तेला." आधी ऑपरेटरला जमावातून सोडवलं. मानकरी म्हणजे अध्यक्षाचे सत्तरीतले वडील. त्यांना सिव्हिलला हलवलं होतं. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचा पडदा जळलाय, नजर परत येणार नाही.

देवळाच्या भिंतीवर चित्रं दाखवायला कोल्हापुरातून मोठा लेझर प्रोजेक्टर आणला होता. तो मचाणावर ठेवून पुढे दोरी बांधली होती.

फिर्यादी अध्यक्षच. "दुपारी बाबांशी भांडला. म्हणे, पूजा मशीनच्या मागून करा. देवाच्या कामात मागून कुंकू कोण लावतं?"

त्याचा राग मला कळत होता. आमच्याकडे होडी पाण्यात उतरो की घरात मिक्सर येवो, समोरून हळदकुंकू लावून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय बटण दाबत नाहीत.

ऑपरेटरला बाजूला घेतलं. पन्नाशीचा माणूस. "मशीन चालू होती, पण शटर बंद होतं. शटर बंद असलं की उजेड बाहेर येत नाही, साहेब. मी खाली वायर जोडत होतो. रिमोट वर मचाणावर राहिला."

भिंगावर कुंकवाचं बोट उमटलं होतं, करपून काळं झालेलं. म्हणजे मानकरी भिंगासमोर असतानाच कुणीतरी शटर उघडलं होतं.

अध्यक्षाला विचारलं, "पूजेचा फोटो असेल ना?"

त्यानं लगेच मोबाइल पुढे केला. "बघा, बाबांचं तोंड कसं पांढरंफटक पडलंय. तेव्हाच मारला तेनं."

फोटोच्या कडेला ऑपरेटर होता. खाली उकिडवा, दोन्ही हातांत वायर, मचाणाकडे पाठ.

"फोटो कुणी काढला?"

"मीच."

"दुसऱ्या हातात काय होतं?"

तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. "अंधार पडला होता... बाबांचं तोंड दिसत नव्हतं... म्हटलं, रिमोटनं जरा उजेड..."

खोट्या फिर्यादी मी पुष्कळ पाहिल्या. हा माणूस खोटं बोलत नव्हता. बापाची किंकाळी ऐकल्यावर त्यानं सगळ्यांचे हात तपासले, स्वतःचा तेवढा राहिला. त्या दिवसापासून मी फिर्यादीला पहिला प्रश्न हाच विचारू लागलो : तुम्ही स्वतः त्या वेळी काय करत होता?

अध्यक्षावर निष्काळजीपणाचा आणि पोरांवर मारहाणीचा गुन्हा नोंदवून मी सिव्हिलला गेलो. पट्टी बांधलेल्या मानकऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोराला मी काय बोलणार नाय. पण त्या माणसाला एकदा माझ्या घरी आणा. तो बरोबर सांगत होता. तेची माफी मागायची हाय, तोंड बघून."

दर माघीला मी ऑपरेटरला 'येताय का?' म्हणून फोन करतो. "बघू, साहेब," एवढंच तो म्हणतो. त्याचंही चुकत नाही.

मानकऱ्यांचा डावा डोळाही आता अधू होत चाललाय. माझ्या कामांच्या यादीत त्या एका ओळीपुढे अजून खूण झालेली नाही.