पदर उडाला की तीस

हैदराबादेत वाहन कसं चालवावं हे पुरतं कळलेली एकच व्यक्ती मी पाहिली, आणि तिला वाहन चालवता येत नव्हतं. काचीगुड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी उभ्या जन्मात हँडलला हात लावला नाही. काकांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन त्या बसत, आणि तिथून साऱ्या शहराची वाहतूक हाकत. काका फक्त गिअर बदलायचे.

मी हे कौतुकाने लिहिते आहे; पण रस्त्यांबद्दल माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही, हे आधीच सांगते. आमची पाच-सात पोरापोरींची समिती आहे. आम्ही रस्ता-सुरक्षेची पत्रकं छापतो आणि चौकात उभं राहून वाटतो. परदेशी मालाला देशाची दारं उघडली म्हणतात. उघडली खरी, आणि त्यांतून सगळ्यात आधी भरधाव गाड्या आत शिरल्या. पायी चालणाऱ्याला एक फूटपाथ होता, त्यावर या गाड्यांच्या शोरूमच्या पायऱ्या चढल्या. आमच्या रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी आहे, ताशी तीस. तिच्यापुढे कुणीतरी नव्या मोटारीची भलीमोठी जाहिरात ठोकली आहे. आता पाटीचा नुसता खांब दिसतो. खांबाकडे बघून माणसांनी काय ते ओळखावं, अशी सरकारची अपेक्षा असावी.

काकूंना पाटी लागत नसे. स्कूटरचा वेगाचा काटा केव्हाच मेलेला, पण त्यांचा पदर जिवंत होता. "खांद्यावर गप्प बसला म्हणजे वीस, फडफडला म्हणजे पंचवीस, आणि उडाला की तीस," असं त्यांचं गणित. पदर उडाला की काकांच्या पाठीत कोपर बसे. काका कळवळून म्हणत, "अगं, आज समोरून वारा आहे." काकू म्हणत, "मग वाऱ्याच्या बेताने चालवा." थंडीत दात वाजले तरी त्या शाल घेत नसत, कारण शालीखाली पदर दबतो आणि मग काका किती वेगात आहेत ते कळत नाही.

वळताना हात दाखवण्याचं कामही त्यांच्याकडेच. डावीकडचा हात ठीक होता, पण उजवीकडे वळायचं तर त्या पाठीमागून असा काही हात फेकायच्या, की अफझलगंजला एक सायकलस्वार चक्क खाली वाकून गेला आणि वर म्हणाला, "शुक्रिया अम्मा." बेगम बाजारातून परत येताना हातात नवा झाडू असेल, तर हात म्हणून तो झाडूच बाहेर येई. अशा एका दिवशी अख्खी बस मागे अदबीने थांबलेली मी पाहिली आहे.

आमची पत्रकं त्या पिशवीत ठेवत, पण वाटत फक्त गुन्हेगारांना. "चांगल्या माणसावर कागद कशाला वाया घालवायचा?" नामपल्लीच्या सिग्नलला एक पोरगा नवीकोरी मोटार झेब्रा पट्ट्यांवर घेऊन उभा होता. काकू स्कूटरवरून उतरल्या आणि त्याच्या काचेवर टकटक केली.

"ये पट्टे कैकू मारे, मालूम? तुम्हारी गाडी के नीचे बिछाने कू?"

"अर्जंट है आंटी."

"सबकू अर्जंट है. गाडी बाजू में लो."

आणि त्याने घेतली! मी घसा फोडून ओरडते तेव्हा माझ्याकडे कुणी मान वळवत नाही. काकूंनी त्याला पत्रक दिलं आणि वाचून होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, काकांच्या स्कूटरमागे अडकलेले भोंगे रडायला लागले, पण त्यांनी पोराला शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावली. चौकातला हवालदार कोपऱ्यातून म्हणाला, "अम्मा, आप हैं तो मैं चाय पीके आतूं?"

"हौ, पण लवकर या," काकू म्हणाल्या. भाषेचं त्यांना भान नसे. ते त्याला कळलं, हे विशेष.

वळण किंवा दिवा आला की काकांशी त्या बोलतच नसत. एक थाप म्हणजे डावीकडे, दोन थापा म्हणजे उजवीकडे, आणि दंडाला चिमटा म्हणजे लाल दिवा. मला वाटायचं, जुन्या जोडप्याचा हा लाड असेल.

मग एकदा काकू बहिणीच्या नातवाच्या बारशाला परभणीला गेल्या. मला अफझलगंजच्या छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा आणायचा होता. काका म्हणाले, "चल, सोडतो." परतताना मी गठ्ठा घेऊन मागे बसले. चौक जवळ आला तसे काका शांतपणे म्हणाले, "लाल आहे का गं?"

"काका, समोरच तर आहे दिवा!"

"हो का? ती सांगते ना."

मी ओरडेपर्यंत डावीकडून मोसंब्यांचा गाडा आला आणि आम्ही त्याला जाऊन भिडलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मोसंबी रस्ताभर पळाली. गाडेवाल्याने शिवी देण्यासाठी तोंड उघडलं, काकांना ओळखलं, शिवी गिळली, आणि वाकून मागे माझ्याकडे बघत म्हणाला, "साब, अम्मा कां हैं आज?"

मोसंबी गोळा करता करता काकांनी सांगून टाकलं. काचबिंदू. मधलं बऱ्यापैकी दिसतं, कडेचं गेलं, आणि दिव्यांचे रंग नीट कळत नाहीत.

"काकूंना माहीत आहे?"

"तिलाच तर माहीत आहे," काका म्हणाले. "कडेचं ती बघते."

माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर पहिलीच ओळ मोठ्या टाइपात होती: ज्याला रस्ता दिसत नाही त्याने गाडी रस्त्यावर आणू नये. ती मी लॉरीवाल्यांसाठी लिहिली होती.

काकू परत आल्या त्याच दिवशी मी वर जाऊन त्यांना सगळं सांगितलं. आधी त्या माझ्यावरच उसळल्या. "आमचे दोघांचे मिळून चार डोळे, त्यांतले अडीच तरी धड आहेत. लॉरीवाल्याचे दोन्ही झोपलेले असतात, त्याला जाऊन सांग!" मग त्यांचा आवाज खाली आला. "रिटायर झाल्यापासून या माणसाला घरात कोणी काही विचारत नाही गं. दूध किती घ्यायचं तेसुद्धा मीच ठरवते. 'निघायचं का?' एवढं मी विचारते, ते फक्त स्कूटरपाशी. ती काढून घेतली तर त्यांच्यापाशी राहिलं काय?"

मी एवढंच म्हणाले, "काकू, मोसंब्यांच्या जागी एखादं पोर असतं तर?"

त्या उठून परभणीहून आणलेली पिशवी रिकामी करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका खाली येऊन स्कूटर पुसत होते. "नुमाइशचं प्रदर्शन लागलंय नामपल्लीला. निघायचं ना?" काकू जिना उतरल्या, आणि मागे बसायचं सोडून स्कूटरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या."

काका हसले. काकू हसल्या नाहीत.

"अगं, तू मागे असलीस की मला सगळं दिसतं."

"आणि मी नसले की?"

काकांनी फडकं पिळून हँडलवर टाकलं. मग त्यांनी स्वतःच स्कूटर ढकलत भिंतीला नेली, स्टँडवर चढवली आणि किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवली. एका वाक्यात गाडी बाजूला घेणारा एवढा मोठा गुन्हेगार काकूंना दुसरा भेटला नसेल. त्याला मात्र त्यांनी पत्रक दिलं नाही.

आता दोघं ऑटोने जातात. परवा मीही सोबत होते. काकू मधे, काका कडेला. ऑटो निघाला आणि काकूंचा पदर उडून माझ्या तोंडावर आला.

"भय्या, मेरा पल्लू उड रा," काकू कडाडल्या.

"तो पकडके बैठो ना अम्मा," ऑटोवाला म्हणाला.

"तीस के ऊपर जा रै बोल रईं वो," काकांनी समजावलं. "आहिस्ता लेओ." ऑटोवाल्याने आरशातून दोघांकडे पाहिलं आणि वेग कमी केला.

पुढे सिग्नलला लाल दिवा लागला. ऑटो शहाण्यासारखा रेषेच्या अलीकडे थांबला. सांगण्यासारखं कुणाला काहीच उरलं नव्हतं, तरी काकूंचा हात सवयीने गेला आणि त्यांनी काकांच्या दंडाला चिमटा काढला.

"थांबलोय गं," काका म्हणाले.

काकूंनी हात मागे घेतला नाही. दिवा हिरवा झाला, ऑटो निघाला, तरी तो तिथेच होता.