मॉडेलमध्ये न बसलेली सफरचंदाची फोड

सफरचंदाची फोड सुकली की इतकीशी होते. म्हणून तर टोपलीभर फळं एका बरणीत मावतात. आमच्या कंपनीतल्या किश्शांचंही तसंच झालंय. एकेक एवढासा, पण झाकण उघडलं की संपतच नाहीत!

चाकणला आमची फळं-भाज्या सुकवायची छोटी कंपनी आहे. मी तिथे फोडी कापते आणि त्यांचं वजन करते. मेघना नावाची मुलगी आमच्याकडे पीएचडीच्या कामासाठी येते. माझ्या लेकीएवढी, पण कंपनीत सगळे तिला मॅडम म्हणतात. मायक्रोवेव्ह थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, असं करत फळ सुकवायचं. आणि ते कसं सुकेल हे गणिताने आधीच सांगायचं, हा तिचा विषय. कॉम्प्युटर एक रेषा काढतो. आम्ही खरोखर वजन करून ठिपके देतो. ठिपके रेषेवर बसले पाहिजेत. "ते बसल्याशिवाय प्रबंधावर माझी सही नाही," असं तिच्या सरांनी बजावलेलं.

लातूरहून तिच्या आईचा फोन आला की आम्हालाही ऐकू येतं, "अगं, एवढंसं सफरचंद, अजून वाळलं नाही का?"

*

मशीन शिंदेभाऊ चालवतात. मूळचे मावळातले. पहिल्याच दिवशी मायक्रोवेव्ह मध्येच थांबला. "लाइट गेली!" म्हणत भाऊ जनरेटरकडे धावले. तिथे पोचेपर्यंत मशीन चालू. परत आले, तर बंद. पुन्हा धावले.

शेवटी मेघनाने त्यांना अडवलं. "भाऊ, लाइट नाही गेली. मीच बंद ठेवलाय. सतत चालू ठेवला तर फोडीच्या कडा करपतात. बंद असताना आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं."

भाऊ कपाळ पुसत म्हणाले, "व्हय मॅडम, माझं बी समदं बाहेर आलंय!"

*

या गणितात बऱ्याच गोष्टी धरून चालाव्या लागतात. फोड सगळीकडे सारखी जाड आहे, असं धरलंय. ती आक्रसत नाही, असं धरलंय. मी हातातल्या सुरकुतलेल्या फोडीकडे पाहिलं. म्हटलं, मोठं गणित आहे, चालत असेल.

एकदा मेघनाने स्वतः केलेली वांग्याची भाजी डब्यात आणली. भाऊंनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"मॅडम, ह्याच्यात मीठ हाय?"

मेघनाने चाखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आहे, असं धरलंय!"

तेव्हापासून आमची सोय झाली. निगडीची बस आली नाही की आम्ही म्हणतो, "आली असं धरा आणि चालायला लागा."

*

ही चालू-बंदची रीत मी घरीही वापरून पाहिली. आमचे हे एकदा रुसून बसले होते. कारण विचारलं तर "काही नाही". एरवी मी बोलतच सुटते. त्या दिवशी मी थोडं बोलले आणि गप्प बसले. पुन्हा थोडं बोलले, पुन्हा गप्प. भाजी निवडत राहिले.

तिसऱ्या गप्प बसण्यात आतलं बाहेर आलं. "रावेतच्या ताईकडे वास्तुशांतीला सगळ्यांना पुरणपोळी वाढलीस. मला विचारलंस तरी का?"

मेघनाला सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, तुमचा प्रयोग माझ्यापेक्षा लवकर जमला!"

*

तिचा मात्र जमत नव्हता. एका प्रयोगात ठिपके छान रेषेवर चालले होते आणि अचानक एक ठिपका धाडकन खाली! एवढं पाणी एकदम गेलंच कसं? बिचारीने सगळी समीकरणं पुन्हा तपासली. जेवली नाही. "मॉडेलमध्ये काहीतरी राहिलंय," एवढंच म्हणत होती.

भाऊ बराच वेळ चुळबुळत होते. मग म्हणाले, "मॅडम, रागावू नगा. ट्रेमधली एक फोड म्या खाल्ली. सुकली का न्हाई ते बगाया."

मेघना तो ठिपका खोडणार होती. पण सरांना फोनवर विचारलं, तर ते कडाडले. "ठिपका खोडायचा नाही! कुणामुळेही आलेला असो. त्याच्यासमोर कारण लिहायचं."

म्हणून भिंतीवरच्या आलेखात त्या ठिपक्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, "शिंदे यांनी फोड खाल्ली." भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "संशोधनात आमचं बी नाव हाय!"

*

शेवटी सर स्वतः पुण्याहून प्रयोग बघायला आले. आज ठिपके बसले तर सही, नाहीतर आणखी एक वर्ष. भाऊंनी स्वतःहून हात मागे बांधले होते.

मशीन चालू, बंद, चालू, बंद. दर वेळी मी ट्रे काट्यावर ठेवायची, मेघना ठिपका द्यायची. एकेक ठिपका रेषेवर! सर खुशीत आले आणि ट्रेशेजारी उभे राहून आम्हाला समजावू लागले, "बघा, बंद असतानाच खरी गंमत असते..." बोलता बोलता त्यांचा हात ट्रेकडे गेला. मी पाहिलं, भाऊंनी पाहिलं, मेघनानेही पाहिलं. सरांना कोण बोलणार?

मी शेवटचं वजन केलं. ठिपका धाडकन खाली!

"हे काय?" सर ओरडले. मग त्यांचं चावणं थांबलं.

मेघनाने पेनाचं टोपण काढलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, ठिपक्यासमोर कारण काय लिहू?"

सरांनी घास गिळला.

"आधी ते पेन इकडे दे," ते म्हणाले. "सही करतो."