त्रिवेणीबाईंची फेरपरीक्षा

त्रिवेणी विकास बिराजदार, माहेरच्या त्रिवेणी नामदेवराव शिंदे. जन्म उदगीर, १९५८. निधन हैदराबाद, २०२३. हैदराबादच्या एका सरकारी प्रसूतिगृहात त्यांनी परिचारिका म्हणून आयुष्य वेचले. तेथे त्यांच्या शब्दावर वॉर्ड चालत असे. विद्यानगरच्या घरी मात्र निराळा शिरस्ता होता. बाहेरच्या माणसाने प्रश्न बाईंना विचारला, तरी उत्तर विकासराव देत. सुलतान बाजारात बाईंना हवा असलेला साडीचा रंगही दुकानदाराला तेच सांगत. यात धाक नव्हता. दोघांनाही ते सोयीचे वाटे.

निवृत्तीनंतर, २०१८ साली, दोघांची टांझानियातील स्वयंसेवेसाठी निवड झाली. बाईंनी खेड्यांतील सुइणींना शिकवायचे आणि बँकेतून निवृत्त झालेल्या विकासरावांनी बचतगटांना हिशेब. तत्पूर्वी मोरोगोरो या गावी प्रशिक्षण होते. शेवटी स्वाहिली भाषेची तोंडी परीक्षा. जो अनुत्तीर्ण होईल, त्याला परत पाठवीत. हे काम बाईंनी मनापासून मागून घेतले होते.

"किताबू, दवा, दुनिया... हे तर आपलंच निघालं की!" विकासराव पहिल्याच दिवशी म्हणाले. दखनी उर्दू कानावर घेत वाढलेला माणूस. ते वर्गात झपाट्याने पुढे गेले आणि सवयीने बाईंच्या वाटणीची उत्तरेही देऊ लागले. महिनाभराने प्रशिक्षिकेने बाईंना बजावले, की तुमचा आवाज आम्ही अजून ऐकलेला नाही.

वाटेत बाई म्हणाल्या, "अहो, उद्यापासून माझं मला बोलू द्या."

"मी काय अडवायलोय का? तू अडकतीस म्हणून सांगतो."

"अडकू द्या की. वॉर्डात काय तुम्ही यायचे माझ्या मागं?"

"हौ बाई. तोंडाला कुलूप."

परीक्षेच्या दिवशी विकासराव बाहेर ओसरीवर बसले. बाईंनी, बाळ घेऊन समोर बसलेल्या एका ओल्या बाळंतिणीला अंगावर पाजण्याविषयी समजावून सांगायचे होते. त्या सावकाश, पण नीट बोलत होत्या. 'दूध' या शब्दापाशी त्या क्षणभर थांबल्या, तोच खिडकीतून आवाज आला, "मझिवा! मझिवा!"

खोलीत हशा पिकला. प्रशिक्षिकेने परीक्षा थांबवली. बाई खिडकीशी गेल्या.

"शब्द येत होता मला."

"मग थांबलीस कशाला?"

"बाळ तोंड फिरवायलं होतं. त्याच्याकडं बघायले होते."

फेरपरीक्षा मिळाली, परंतु तोवर दोघांनी निरनिराळ्या घरी राहावे, अशी अट पडली. "छत्तीस वर्षांच्या संसारात एवढंच ऐकायचं राहिलं होतं," विकासराव म्हणाले. बाईंनी स्वतःची बॅग भरली. विकासराव स्वतः उत्तीर्ण झाले होते. तरीही बाईंच्या निकालाची वाट न पाहता ते हैदराबादला परतले. हिमायतनगरच्या नातलगांना त्यांनी रक्तदाबाचे कारण सांगितले. बाईंनी ते कधीही खोडून काढले नाही.

बाई उत्तीर्ण झाल्या, २०२० च्या आरंभापर्यंत त्यांनी तेथे काम केले आणि मग त्या घरी आल्या. भांडण असे झाले नाही. फेरपरीक्षेचा विषय मात्र विकासरावांनी काढला नाही, आणि विचारल्यावाचून सांगणे बाईंना मान्य नव्हते.

बाईंच्या तेराव्याला त्यांच्या वॉर्डातील जुन्या सहकारी सत्यवती आल्या. विकासरावांनी त्यांना बाजूला बोलावले.

"दुसऱ्या वेळी तिला काय विचारलं होतं हो? तुम्हाला बोलली असेल."

"बोली ना. तीन साल घर में थी भाईसाब, आप कायकू नै पूछे?"

बाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन पुढे यथावकाश विकासरावांच्या नावे झाले. त्या दुपारी मात्र सत्यवतींनी याहून अधिक काही सांगितले नाही, आणि विकासरावांनीही पुन्हा विचारले नाही.