चालत्या गाडीतली ज्योत

माझ्या मायचं डावं मनगट वाकडं आहे. ते बाबांनी मोडलं, बैल हाकायच्या तुतारीनं. टोकाला लोखंडी आर असलेली ती काठी आमच्या दाराच्या कोपऱ्यात उभी असायची. घरात भांडं पडलं तरी आम्ही भावंडं आधी त्या कोपऱ्याकडे बघायचो.

हिंगणीच्या पुढं आमचं भाजीचं वावर. पालक, वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडलेला सांबार वर्ध्याच्या बाजारात पोचेपर्यंत मान टाकायचा. उन्हाळ्यात तर पोत्यातून सडका वास घेऊनच उतरायचा. गिऱ्हाईक नाक धरून पुढं जायचं. मग बाबा तो माल परत आणायचे, अंगणात ओतायचे, पायानं तुडवायचे आणि जो समोर दिसेल त्याला मारायचे. कधी बैल, कधी माझा भाऊ, कधी मी. बहुतेक वेळा माय.

त्या वर्षी नवरात्रात घट बसले होते. अखंड दिव्यात तेल घालायचं काम मायचं. पण वावरात पाणी सोडायलाही तीच. ती वाफ्यात वाकलेली असताना इकडे दिवा गेला. नेमके तेव्हाच बाबा सडका माल घेऊन आले. देव्हाऱ्यात अंधार बघून ते तसेच वावरात गेले. मी धावत मागं गेले. मला दिसलं ते एवढंच की तुतारी वर गेली आणि मायनं तोंड वाचवायला हात आडवा धरला. हाडाचा आवाज कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडल्यासारखा आला. हळद-चुना लावून मनगट बांधलं, ते वाकडंच जुळलं. उरलेल्या माळांचे दिवस तिनं एका हातानं भाकरी थापल्या आणि रोज दिव्यापुढं नाक घासलं.

मला तेव्हा वाटायचं, माल थंड राहिला असता तर मार पडला नसता. लेकराची अक्कल. पण त्या अकलेवरच मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वर्ध्याला पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाले, मग नागपुरात एका वर्कशॉपमध्ये फ्रिज दुरुस्तीचं काम शिकले. "पोरगी फ्रिज सुधारते म्हने!" असं गावात हसले. हसू दे. एक जुनी शाळेची मिनीबस घेतली, आतल्या सीटा उपटल्या, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि फ्रिज बसवला. बोरच्या जंगलात येणारे पर्यटक ती घरगाडी भाड्यानं घेऊ लागले. चालवायला मीच.

या फ्रिजचं सांगायला पाहिजे. तो तीन प्रकारांनी चालतो. घरी उभी असताना विजेवर, गाडी चालू असताना बॅटरीवर, आणि जंगलात सपाट जागी मुक्काम असला की गॅसवर. गॅसवर चालतो तेव्हा त्याच्या पाठीमागं, खालच्या अंगाला, बारीक निळी ज्योत जळते. समोर वाटीएवढी काच आहे, त्यातून ती दिसते. गाडी हलायच्या आधी ती ज्योत बंद करायची आणि सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करायचा. चालत्या गाडीत धक्क्यानं गॅसची नळी सुटू शकते. आणि पेट्रोल पंपावर उघडी ज्योत घेऊन जाणं म्हणजे आपली चिता आपणच ओढत नेणं.

बाबांचा माहूरचा नवस होता. ते आता थकले होते, इन्सुलिन घ्यायचे, तुतारी सुटली होती, जीभ आणि हात सुटले नव्हते. नवरात्रातच जायचं म्हणाले. घरच्या दिव्यापाशी वहिनीला बसवलं आणि दोघांना घेऊन मी निघाले. बाबा माझ्या बाजूला पुढं, माय मागं पलंगावर.

देवळीच्या अलीकडं लिंबाखाली जेवायला थांबलो. बराच वेळ थांबायचं होतं म्हणून मी फ्रिज गॅसवर केला. माय बाजूला उभी राहून बघत होती. व्हॉल्व्ह उघडला, कळ फिरवली, बटण दाबलं, टिक टिक, ज्योत लागली.

"बाई वं, फ्रिजात दिवा!" तिनं काचेपुढं हात जोडले.

"माय, थो दिवा नाई, गॅस हाये."

"नवरात्रात पेटली म्हंजे देवीचीच."

बाबा भाकरी चावत म्हणाले, "तुले कोन इचारलं? गप जेव."

निघताना मी ज्योत बंद केली, दाराजवळच्या कप्प्यातला व्हॉल्व्ह आवळला, फ्रिज बॅटरीवर टाकला आणि स्टिअरिंगवर बसले.

देवळी ओलांडली आणि डिझेल घ्यायला पंपावर वळले. गर्दी होती. माझ्या बाजूला एक जण मोटारसायकलीत पेट्रोल भरत होता, टाकी भरून पेट्रोल बाहेर सांडलं, खिडकीतून भपकन वास आत आला. तेवढ्यात मागून मायचा आवाज. आनंदाचा.

"पोरी, थे वाटेत इझली होती वं. म्या तसंच सारं फिरवून लावून देल्ली पुन्हा."

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं, दोन सीटांमधून उडी मारली. मायच्या छातीला माझं कोपर लागलं, ती पलंगावर आदळली. काचेत ती निळी ज्योत नाचत होती. मी व्हॉल्व्ह असा पिळला की तळहाताची साल निघाली. ज्योत गेली. मग दारातून ओरडले, "सरका! गाडी दूर घ्या! कोनी काही चालू नका करू!" पंपावरच्या माणसानं नळी टाकली आणि शिव्या देतच आमच्या मागं आला. चौघांनी ढकलून माझी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. "बाई, सगळ्यायले जाळत होती काय?" म्हणून त्यानं गाडीच्या पत्र्यावर लाथ घातली. त्याचं काहीच चुकलं नाही.

तो गेला आणि बाबा मागं आले.

"कोनं लावली?"

मायनं उत्तर द्यायच्या आत थोबाडीत बसली. तिचं डोकं लाकडी फळीवर आपटलं. हात दुसऱ्यांदा वर गेला तेव्हा मी बाबांचं मनगट धरलं. ते डावं होतं की उजवं आठवत नाही. पिरगाळलं एवढं खरं. बाबा ओरडले, मला लाथ मारली, मी दोन्ही हातांनी त्यांना मागं ढकललं. पाठ फ्रिजवर आदळली, दार उघडलं, दह्याचं गाडगं फुटलं, डबे गडगडत खाली आले.

"बापावर हात टाकून राह्यली? शिकली म्हनून?"

"हो, शिकली म्हनूनच. ही गाडी माही हाये. इथं हात उचलान तं याच रस्त्यावर उतरवून देईन."

तेवढ्यात माय उठली. ओठ फाटला होता, पदर दह्यात भिजला होता. ती बाबांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"म्या काऊन लावली, इचारा नं. मांगं दिवा गेला तं तुमी माहा हात मोडला. आज इझलेली पायली तं जीव उडाला माहा. देवीले नाई भेलो, तुमाले भेलो." मग तिनं वाकडं मनगट त्यांच्यासमोर धरलं. "घ्या. आता इझलीच हाये. मारा."

रस्त्यावरून ट्रक जात होते. बाबांचा हात खाली होता.

मायनं दह्याचा पदर पिळला आणि मला म्हणाली, "चाल. मी समोर बसतो."

"आन बाबा?"

"येत असतीन तं येतीन."

ती पुढच्या सीटवर चढून बसली. बाबा खाली उतरले, पुढच्या दाराशी गेले, मग परत मागं चढले. आरशात मला दिसलं, ते खाली बसून डबे गोळा करत होते. फ्रिजचं दार लावलं, कडी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

माहूरच्या गडाखाली मायनं विचारलं, "मंग थे ज्योत बंद करा लागते तं पाप नाई लागत?"

मी म्हटलं, "दिव्याले आपन काय करतो?"

"निरोप देतो."

"मंग निरोप देजो. तूच देत जाजो."

तेव्हापासून ती माझ्यासोबत असली की व्हॉल्व्ह तीच बंद करते. वाकड्या मनगटानं, दोनदा आवळून. "निरोप देल्ला," म्हणते, तेव्हाच मी चावी फिरवते. पर्यटकांनाही मी हेच शिकवलं आहे. काही हसतात, पण बंद करतात.

आज माझ्याकडं अशा दोन गाड्या आहेत, दोन्ही माझ्या नावावर. एकीत आठवड्यातून दोनदा आमचा सांबार वर्ध्याला जातो आणि ताजा पोचतो. चालत्या गाडीत ज्योत पुन्हा कधी पेटलेली नाही. बाबांनी मायवर पुन्हा हात उचललेला नाही. पुढची सीट तिची आहे.