बेंदूर आणि सोयरीक

आमचं घर ख्रिस्ती आहे आणि आमच्या घरी बेंदूर होतो. हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. चर्चमधल्या बायकांना वाटतं, शेजाऱ्यांची हौस म्हणून मी त्या दिवशी पुरण घालते. शेजारणींना वाटतं, ह्यांच्यातही असेल असलं काहीतरी. मी दोन्हीकडे हसून वेळ मारून नेते.

बाकीचा महाराष्ट्र पोळा करतो, आम्ही कोल्हापूरचे आषाढात बेंदूर करतो. सण बैलांचा. आमच्या फ्लॅटमध्ये बैल कुठून येणार? माझे सासरे कुंभाराकडून मातीची जोडी आणतात. मी त्यांना मामंजी म्हणते. कागलकडच्या खेड्यात त्यांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं. माझे यजमान गेल्यावर ते इथं आले आणि मी, मुलगी नि मामंजी असं आमचं घर झालं. जोडी टीपॉयवर बायबलशेजारी ठेवायची, बोटाने खांद्यांना तेल लावायचं, शिंगं हिंगुळाने रंगवायची आणि त्यांत कडबोळी अडकवायची. पुढ्यात पुरणपोळी. मग मामंजी डोळे मिटून स्वर्गीय बापाचे आभार मानतात. हळद नाही, कुंकू नाही, आरती नाही.

लग्न होऊन गावच्या घरी आले तेव्हा मी माहेरच्या तोऱ्यात विचारलं होतं, ही मूर्तिपूजा नव्हे का? मामंजी म्हणाले, "पूजा न्हाय गं बाई. राबल्यात ती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, घरचे देव डोहात सोडले, तेव्हा भावकीने संबंध तोडला. पेरणीला माणूस मिळेना. मामंजींची आई गेली तर खांदा द्यायला कुणी आलं नाही, बैलगाडीतून नेली. "देव सोडलं, भावकीनं आमाला सोडलं. ऱ्हायलं कोण? बैलं. मग बेंदूर कसा सोडायचा?" असं त्यांच्या वडिलांचं म्हणणं. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. पुरण मात्र दरवर्षी घातलं.

मुलीने मुलगा स्वतः पसंत केला. मुलगा गुणी, हसरा, आमच्यासारखाच ख्रिस्ती. पण त्याच्या घरची मंडळी कडक. ते नाताळसुद्धा करत नाहीत. नाताळचं झाड, पानांची माळ, इतकंच काय ती तारीखही जुन्या मूर्तिपूजकांच्या सणांवरून आलेली, असं त्यांचं मत. मुलाची आई फोनवर म्हणाली, "आमच्यात असली भेसळ चालत नाही हं." मी म्हणाले, "बरोबरच आहे." काय बरोबर होतं, देव जाणे. आमच्याकडे डिसेंबरात अख्खा जिना दिव्यांनी भरतो.

बोलणी करायला ते रविवारी दुपारी यायचे ठरले. कॅलेंडर बघितलं तर नेमका बेंदूर. मुलगी टीपॉयकडे बघून म्हणाली, "आई, आजोबांचं ते..." पोरीचा जीव त्या मुलात अडकला होता, हे मला दिसत होतं. मामंजी सकाळच्या उपासनेला गेल्यावर मी खुर्चीवर चढले आणि आदल्या दिवशी आणलेली जोडी कपाटावरच्या खोक्यात घातली. ते खोकं नाताळच्या झाडाचं होतं. लपवायची ती सगळी भेसळ मी एकाच जागी कोंबली. मामंजींना सांगायचं धाडस झालं नाही. पाहुण्यांच्या गडबडीत विसरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुरणाऐवजी चिकन केलं.

पाहुणे आले. जेवण झकास झालं. मुलाची आई वाईट बाई नव्हती; तिनं माझ्या मुलीला जवळ बसवून घेतलं होतं. हात धुऊन आल्यावर ती अगदी मनापासून म्हणाली, "सत्य कळल्यावरही लोक हे असले सण का धरून बसतात, मला खरंच कळत नाही."

मला ते माहीत होतं. त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. डोह, बैलगाडी, सगळं ओठांवर आलं आणि मी म्हणाले, "सवय हो, दुसरं काय."

तेवढ्यात मामंजी आतून आले. धुतलेलं धोतर, बोटांना हिंगूळ आणि हातात मी आदल्या दिवशी तळलेली, दोऱ्यात ओवलेली कडबोळी. थेट टीपॉयपाशी गेले. तिथं नुसतं बायबल होतं. त्यांनी खाली वाकून टीपॉयखाली बघितलं, मग सोफ्यामागे. मग माझ्याकडे. माझी मान वर होईना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काय शोधताय आजोबा?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मामंजींनी एकदा नातीकडे बघितलं. दोऱ्याची गाठ सोडली आणि म्हणाले, "काय न्हाय. खाऊ हाय. घ्या की पावणं." त्यांनी एकेकाच्या हातावर कडबोळं ठेवलं. मुलाच्या आईला फार आवडलं. तिनं मला कृती विचारली आणि मी ती सांगितली. पीठ किती, मोहन किती, सगळं सांगितलं.

सोयरीक जमली. पाहुणे गेले, मुलगी त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. मी खोकं उतरवलं, बैल पदराने पुसले आणि मामंजींच्या खोलीत नेले. ते खाटेवर बसून होते. मी म्हणाले, "मामंजी, चुकलं माझं. आणा, लावू या शिंगांना रंग."

त्यांनी बैल हातात घेतले. शेतातून हाक मारली तर ओढ्यापलीकडे ऐकू जावी असा त्यांचा आवाज. इतक्या वर्षांत मी त्यांना कुजबुजताना ऐकलं नव्हतं. ते उठले, दार पुढे लोटलं आणि हळूच विचारलं, "गेली न्हवं समदी? का कोण हाय अजून भाईर?"